कमोड कानडी बोलतो

आमच्या घरात कमोड आला तो सासूबाईंमुळं. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. देगलूरच्या पुढं, जिथं बाजारात एक वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं, अशा गावात त्या एकट्या राहायच्या. दिवाळी उरकली आणि परसातल्या संडासातून उठताना त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, हाडात पट्टी बसली आणि डॉक्टरांनी बजावलं, "आजी, आता उकिडवं बसायचं नाही. पुन्हा पडलात तर हे हाड जोडता येणार नाही."

अव्वा म्हणाल्या, "मग कसं बसू?"

"खुर्चीवर बसल्यासारखं."

डॉक्टरांनी काहीतरी अभद्र सुचवल्यासारखं अव्वांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्या आमच्याबरोबर गाडीतून लातूरला निघाल्या. अहमदपूर मागं पडल्यावर एकदम म्हणाल्या, "आमच्यात माणूस गेल्यावर बसवून पुरतेत. ह्यो डॉक्टर मला आत्तापासनंच सवय लावायलाय."

गाडी वीरेश चालवत होते. वीरेश म्हणजे आमचे मालक. त्यांनी नुसता हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी खिडकीकडं तोंड करून हसून घेतलं.

लातूरच्या भर बाजारात, गोलाईत, आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. दुकानात न मावलेला माल घरातल्या एका बारक्या खोलीत पडलेला असायचा. अव्वा महिनाभर पलंगावरच होत्या, तेवढ्यात तो माल माडीवर नेऊन ती खोली रिकामी केली, अव्वांच्या पलंगापासून तिथवर भिंतीला धरायला दांडा ठोकला आणि आत पांढराशुभ्र कमोड बसवला. वीरेश दुकानातून आले, वाकले आणि भांडं पारखतात तसं बोटाच्या पेरानं त्याला टकटक केलं. कान दिला. म्हणाले, "खणखणीत हाय. तडा न्हाई."

भुजंग मिस्त्रींनी पाणी सोडून दाखवलं. टाकी भरली, ओतली, पुन्हा भरली. कसला आवाज नाही, काही नाही. आम्ही चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेआधी अव्वा पहिल्यांदा आत गेल्या. बाहेर आल्या त्या दांडा घट्ट धरून. चेहरा उतरलेला.

"काय झालं अव्वा? चक्कर आली का?"

"मंजे," मला नावानं हाक मारून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते मला जा म्हणालं."

"कोण?"

त्यांनी काठीनं मागं दाखवलं.

मी आत डोकावले. कमोड आपला तोंड मिटून बसला होता, पण टाकीतून, नाही तर भिंतीतून, नाही तर आणखी कुठून तरी आवाज येत होता. आधी लांबलचक घुमणं आणि शेवटी घशात अडकल्यासारखी एक उचकी. होऽऽऽग्ग. मग जरा थांबून पुन्हा. होऽऽऽग्ग.

आता हे सांगायला पाहिजे, की कानडीत होग म्हणजे जा. हे मला लग्नानंतर कळलं. मी लातूरजवळच्या मुरुडची, माहेरी कानडीचा एक शब्द नाही. लग्न करून अव्वांच्या घरी गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी चुलीपाशी उभी राहून विचारलं, "भात टाकू का?" त्या म्हणाल्या, "हौदु." मी कळशी उचलली आणि परसातल्या हौदावर गेले. पाणी आणून ठेवलं, पुन्हा विचारलं. "हौदु, हौदु." पुन्हा गेले. घरातली सगळी भांडी भरली तेव्हा वीरेशनी पोट धरून हसत सांगितलं, की हौदु म्हणजे 'हो'. भात त्या दिवशी दुपार टळल्यावर झाला. तेव्हापासून अव्वा माझ्याशी मराठीत बोलतात. चुकत नाहीत, पण कानडी मात्र त्यांच्या कानात असते. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्यांची म्हातारी मांजर, सगळं त्यांना आधी कानडीत ऐकू येतं.

"अव्वा, नवीन पाइप हाय. पाणी घुमायलंय."

"घुमू दे की. पण जाच का म्हणावं? बा म्हणता आलं असतं."

बा म्हणजे ये.

संध्याकाळी पुन्हा तेच. अव्वा उठल्या, बटण दाबलं आणि बाहेर येऊन पलंगावर टेकतात तोवर आतून सुरू. होऽऽऽग्ग. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या आणि नेमके त्याच वेळी वीरेश आत गेले. कमोडाला सगळ्यांत जास्त विरोध वीरेशचाच होता. बसवल्यापासून ते पेपर घेऊन आत जातात आणि जाहिराती वाचून झाल्याशिवाय बाहेर येत नाहीत. त्यांनी बटण दाबलं आणि अव्वांच्या पूजेत, अगदी डोळे मिटलेले असताना, भिंतीपलीकडून कुणीतरी खर्जात त्यांना निघून जायला सांगू लागलं.

पूजा झाली. अव्वांनी लिंग गळ्यात घातलं, भस्माची डबी बंद केली आणि म्हणाल्या, "वीरेश, सिद्धलिंगला फोन लाव. ऐतवारी गाडी घिऊन ये म्हण."

सिद्धलिंग अव्वांचा भाचा, त्यांच्या गावातच राहतो. वीरेश म्हणाले, "अगं, गावाकडं उकिडवं बसावं लागंल. डॉक्टर काय म्हणले?"

"बघीन मी."

"काय बघशील?"

"जे दिसंल ते."

माझं आणि अव्वांचं फार गुळपीठ होतं असं कुणी म्हणणार नाही. मी भाजीत गूळ घालते हे त्यांना इतक्या वर्षांत पटलेलं नाही. पण आमची अक्षरा कॉलेजला नांदेडला गेल्यापासून दुपारी घरात मी आणि फ्रिज, दोघंच असायचो. आता दुपारी अव्वा खुर्चीवर, मी पलंगावर, ताटं मांडीवर आणि त्या त्यांच्या गावातल्या एकेकीचे वाभाडे काढताहेत, अशी मला सवय लागली होती. आणि त्या गावाकडं गेल्या तर पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. परस निसरडं, संडास लांब आणि हाक मारली तर ऐकणारी शेजारीण कमलम्मा, ती दोन्ही कानांनी बहिरी.

म्हणून मी ठरवलं, ऐतवारच्या आत कमोडाचं तोंड बंद करायचं.

भुजंग मिस्त्री आले. कंधारकडचे, बोलायला लई पक्के. दारातच म्हणाले, "ताई, बसवताना नारळ फोडा म्हणलो होतो का न्हाई?"

"न्हाई म्हणलात."

"मग म्हणायचं राहिलं बघा."

त्यांनी भिंतीला कान लावला. टाकीचं झाकण काढलं. खालचा, भिंतीतून टाकीकडं पाणी जातं तिथला कॉक बंद केला, उघडला, पान्यानं पाइपाला दोन ठोके दिले. बटण दाबलं. टाकी भरली. आवाज नाही.

"हवा धरली होती. काढली."

"काढली म्हणजे कुठून?"

"हवेला काय वाट लागती का ताई?"

ते गेले. दुपारी अव्वा जाऊन आल्या आणि लगेच होऽऽऽग्ग. मी मिस्त्रींना बोलावलं. ते आले, कॉक बंद केला, उघडला, ठोके दिले. चिडीचूप. मिस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मी आलो की गप बसतंय. मला भितंय ते."

"मग तुम्हीच इथं राहायला या."

"बायकोला इचारतो."

तिसऱ्या वेळी ते आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "ताई, मी मुरुडला काम करायलोय. तुम्ही असं करा, फोन त्याच्यापाशी धरा. मी ऐकतो." मी स्पीकर चालू केला आणि फोन टाकीवर ठेवला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅसपाशी पळाले. इकडं आवाज थांबला आणि मिस्त्रींना वाटलं फोन कटला. ते ओरडायला लागले. परत येते तर अव्वा दारात काठी टेकून उभ्या. आतून खणखणीत आवाज येत होता, "हॅलो! ओ ताई! हॅलो! हाय का कुणी?"

अव्वा माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता मराठी बी शिकलं."

त्या रात्री जेवताना वीरेश म्हणाले, "नवं भांडं बी पहिल्या पहिल्यांदा आवाज करतं. बसंल हळूहळू."

"ऐतवारपत्तर बसंल का?" मी विचारलं.

त्यांनी मोडलेला घास परत ताटात ठेवला. त्यांचंही जेवण जात नव्हतं. आईला ठेवून घ्यायचं होतं, पण आईशी वाद घालायला ते लहानपणापासून घाबरतात. गिऱ्हाइकाशी दिवसभर घासाघीस करणारा माणूस, अव्वांपुढं पहिल्याच भावाला माल देऊन टाकतो.

मी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अक्षराला पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, हे काय आहे? मला 'भोग' ऐकू येतंय." थोड्या वेळानं दुसरं, "हॉस्टेलच्या मुली म्हणतात म्हैस आहे." मग तिसरं, "आजीला जाऊ देऊ नकोस."

शेवटी मीच स्टूल घेऊन बसले. मी काही शिकलेली नाही, दहावीनंतर पुस्तकं मिळतील तशी वाचली, आणि हाताला लागेल ते खोलून पाहिलं. घरातला मिक्सर मीच उघडते, इस्त्रीची वायरही मीच जोडते. बिघाड दिसेपर्यंत माझा जीव खालीवर होतो. टाकीचं झाकण काढून मी आत बघत राहिले. बटण दाबलं. पाणी गेलं. मग नवं पाणी यायला लागलं ते अगदी सुतासारखं. मिस्त्रींसमोर टाकी भसाभसा भरली होती, हे मला आठवलं. आत बोट घालून पाण्यावर तरंगणारा पांढरा फुगा वर उचलून धरला तर पाणी थांबलं, आवाजही थांबला. सोडला, पुन्हा होऽऽऽग्ग. म्हणजे आवाज पाणी येताना होत होता, आणि बारीक येताना होत होता.

मी खाली वाकून भिंतीतल्या कॉकावर हात ठेवला. कॉक थरथरत होता. अर्ध्याहून जास्त बंद होता. त्याची छोटी दांडी मी पूर्ण फिरवली. थरथर गेली. टाकी भसाभसा भरली आणि गप्प झाली. आतला रबरी वायसर अर्धवट दाबात फडफडत होता, इतकीच सगळी गोष्ट. एवढ्यासाठी मिस्त्रींनी हवा काढली, वीरेशनी भांडं पारखलं आणि नांदेडच्या हॉस्टेलात म्हैस उभी राहिली.

त्या आनंदात मी शिरा केला. गूळ न घालता, साखरेचा.

दुपारी अव्वा जाऊन आल्या. मी कान देऊन उभी. होऽऽऽग्ग.

अव्वा पलंगावर टेकल्या. पिशवी जवळ ओढली आणि दोन लुगड्यांच्या घड्या आत ठेवल्या.

मी आत जाऊन पाहिलं, तर कॉक पुन्हा अर्ध्याहून जास्त बंद. तो उघडून ठेवला. भूत मला मान्य नाही. घरात माणसं तीन. मी वीरेशना दुकानात फोन केला. "तुम्ही टाकीखालच्या कॉकाला हात लावता का?"

"कुठल्या?"

"पेपर वाचता तिथल्या."

"तिथं कॉक हाय?" ते म्हणाले. रोज तासभर ते त्याच्या शेजारी बसतात.

राहिलं कोण, हे कळत होतं, पण पटत नव्हतं. अव्वांना वाकायला बंदी. कॉक तर घोट्याएवढ्या उंचीवर.

शनिवारी दुपारी अव्वा आत गेल्या. पडल्या तर कळावं म्हणून दार नुसतं लोटायचं, अशी घरात पद्धत ठरली होती. बटणाचा आवाज झाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. अव्वा एका हातानं भिंतीतला दांडा धरून ताठ उभ्या होत्या. दुसऱ्या हातात काठी उलटी धरलेली. काठीची वाकडी मूठ त्यांनी खाली सोडली, कॉकाच्या दांडीत अडकवली आणि विहिरीतला पोहरा गळानं काढावा तशी सावकाश, निगुतीनं ओढली. कॉक फिरला. पाण्याची धार बारीक झाली. होऽऽऽग्ग, कमोड म्हणाला.

अव्वांनी कपाळाला आठी घातली आणि त्याला म्हणाल्या, "जातेय की बाबा. उद्या."

मी दार ढकललं. "अव्वा, हे काय करायलाव?"

त्या दचकल्या. काठी सुलटी केली. "काय न्हाई. पाणी लई जायलंय."

"कुठं?"

"हितं. मी उठले की किती येळ भरत बसतंय ते! नळ कधी येतंय ते नळालाच ठाव. तुम्ही टँकर बोलावताव. आन माझ्या एका बसण्याला बादलीभर पाणी? मी आपली धार बारीक करते. तेवढंच वाचतंय तुमचं."

मला हसू यायला लागलं. "अव्वा, धार बारीक केली तरी टाकी तेवढीच भरते. येळ जास्त लागतो, बास."

"असं कसं? बारीक धार म्हणजे कमी पाणी."

"ते उघड्या नळाला. ही टाकी फुग्यापत्तर भरल्याशिवाय थांबत न्हाई. तुम्ही तांब्या बारीक धारेनं भरला तर तांब्या लहान होतो का?"

अव्वा विचार करू लागल्या. त्यांच्या विचाराला घाई नसते. मी म्हणाले, "आन दुसरं. आता काठीनं कॉक पुरता उघडा. उलटीकडं. हां. काय ऐकू येतंय?"

त्यांनी मुठीनं कॉक फिरवला. पाणी भसकन आलं. शांत.

"आता बारीक करा."

होऽऽऽग्ग.

"उघडा."

शांत.

अव्वांनी पुन्हा बारीक केला. होऽऽऽग्ग. पुन्हा उघडला. शांत. मग, भजनात पेटीवाला करतो तसं, थोडं थोडं फिरवून पाहिलं. एका जागी तो नुसता 'होऽऽ' म्हणत होता, एका जागी 'ग्ग ग्ग' करत होता. सगळे सूर तपासून झाल्यावर त्यांनी काठी खाली टेकली.

"मंजे, म्हणजे मला जा म्हणायलेली मीच?"

"हाव."

त्या कमोडाचं झाकण पाडून त्यावर बसल्या. मी दाराला टेकून खाली उंबऱ्यावर.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुम्ही तोंडानं म्हणत न्हाईत. चांगली माणसं हाव. म्हणून घर म्हणायलंय."

"अव्वा, मला जा म्हणायचं असतं तर मी मराठीत म्हणाले असते. मला कानडी कुठं येतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओठ मुडपले. पण अव्वा अशा एका बोलण्यात येणाऱ्या नाहीत. त्यांनी काठीनं टाकीवर टकटक केलं. "पण बादलीभर जातंच का न्हाई?"

"जातं."

"मग? ते तर खरंच हाय. लातुरात राहून मी बादल्या वतत बसू का? मला न्हाई जमायचं. गावाकडं दोन तांब्यांत काम होतंय."

म्हणजे कमोड गप्प झाला, तरी पिशवी भरलेलीच. मी टाकीत वाकून पाहिलं. फुग्याच्या दांडीला एक पांढरा स्क्रू होता. तो फिरवला तर फुगा खाली उतरत होता. फुगा खाली, तर पाणीही खालीच थांबणार.

"अव्वा, किती पाणी पाहिजे ते तुम्ही सांगा. तेवढंच भरू."

त्यांचे डोळे चमकले. "मोजून?"

"मोजून."

मी त्यांची खुर्ची दारात आणून ठेवली. आधी टाकीत किती मावतं ते तांब्यानं काढून मोजलं. नऊ तांबे निघाले. "शिवा शिवा!" अव्वा म्हणाल्या. "नऊ तांब्यांत लेकराची आंघोळ हुती." दोन तांब्यांपासून सुरुवात करायची त्यांची आज्ञा झाली. पण पाणी पुरतं की नाही हे बघायला कमोडात टाकायचं काय? अन्नाचं काही टाकायला अव्वा तयार नव्हत्या. तेव्हा जिन्याखालचा गठ्ठा सुचला. आमच्या प्रभागातल्या आप्पासाहेबांची निवडणुकीतली पत्रकं. 'घरोघरी रोज पाणी', हात जोडलेला फोटो. आप्पासाहेब निवडून आले, पाणी आलं नाही, पत्रकं मात्र कुणीतरी आमच्या जिन्याखाली ठेवून विसरलं होतं. एक पत्रक भिजवून, गोळा करून मी आत सोडलं आणि बटण दाबलं.

"गेला का?" अव्वांनी खुर्चीतून विचारलं.

"न्हाई. जोडलेले हात वर दिसायलेत."

"अजून एक तांब्या वाढव."

स्क्रू थोडा उलटा. आप्पासाहेब गरगर फिरले, खाली गेले आणि पुन्हा वर आले.

"लई चिवट हाय," अव्वा म्हणाल्या. "ह्याचा बाप बी असाच हुता का बघायला पाहिजे."

चार तांब्यांत अर्धे गेले. पाचांत गेले, पण एक कोपरा मागं राहिला, आणि अव्वांना मागं काही राहिलेलं चालत नाही. असं करत करत आम्ही साडेपाच तांब्यांवर आलो. खळ्ळकन आवाज झाला आणि आप्पासाहेब हातासकट दिसेनासे झाले. खात्री पाहिजे म्हणून अव्वांनी आणखी एकाला सोडायला लावलं. तेही गेले. तिसरं मी भिजवत होते तेवढ्यात वीरेश दुकानातून जेवायला आले. बायको हातात ओलं पत्रक घेऊन कमोडापुढं उभी, आई खुर्चीत काठी टेकून न्यायाधीशासारखी बसलेली.

"हे काय चाललंय?"

अव्वा म्हणाल्या, "मतमोजणी."

वीरेश पुढं काही न विचारता जेवायला बसले.

संध्याकाळी अव्वा आत जाऊन आल्या. मी स्वयंपाकघरात उभी, हातातली लाटी हातातच. बटण दाबल्याचा आवाज झाला. खळ्ळकन पाणी. मग टाकी भरल्याची थोडीशी खळखळ. मग घड्याळाची टिकटिक. अव्वा दांडा धरून बाहेर आल्या, पलंगावर बसल्या आणि वाती वळायला घेतल्या. वीरेशनी मला डोळ्यांनी विचारलं, राहते की जाते? मी खांदे उडवले. भरलेली पिशवी दाराशीच होती.

सकाळी सिद्धलिंग गाडी घेऊन हजर. चांगला धिप्पाड, मनानं साधा माणूस. आल्या आल्या आत्याच्या पाया पडला, चहा घेतला, पोहे घेतले आणि म्हणाला, "वयनी, लांबनं आलोय. जरा जाऊन येऊ का?" मी त्याला नव्या खोलीचं दार दाखवलं. आमच्या घरामागच्या परसातला जुना संडास दाखवायला पाहिजे होता हे मला उशिरा सुचलं.

तो आत असताना अव्वांनी मला पिशवी आणायला सांगितली. मी आणून त्यांच्या पायापाशी ठेवली. त्यांनी चेन उघडली, लुगडी काढली, चोळ्या काढल्या, भस्माची जादा डबी काढली आणि सगळं उशाशी ठेवलं. मग म्हणाल्या, "शेंगदाण्याची चटणी केलती ना परवा? दे घालून. आन वीरेश, दुकानातलं एक झाकणाचं पातेलं घाल. कमलम्माला पाठिवते. माझ्या बेलाला पाणी घालती बिचारी. गाडी रिकामी जाऊन कसं चालंल?"

वीरेश पातेलं आणायला जिन्याकडं इतके पळत गेले की एक चप्पल मागं राहिली. मी चटणीची बरणी पुसत राहिले. ती पुसलेलीच होती.

आतून बटणाचा आवाज आला. खळ्ळकन. अव्वांनी मान हलवली, ठीक. तेवढ्यात पुन्हा बटण. टाकी धड भरलीही नव्हती.

"सिद्ध्या!" अव्वा एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की समोरच्या गॅलरीतलं कबूतर उडालं. "एकदा दाब रे! थांब भरूस्तर! पाणी काय तुज्या बापानं आणून ठिवलंय का हितं?"

सिद्धलिंग रुमालानं हात पुसत, घाबरत बाहेर आला. "आत्या, मला वाटलं गेलं न्हाई."

"जातंय. मोजलंय आम्ही."

त्यानं पिशवी उचलली, पातेलं काखेत मारलं आणि आजूबाजूला पाहिलं. "आत्या, चला मग?"

"तू नीघ. ऊन व्हायच्या आत पोच. आन घराची किल्ली कमलम्मापाशीच राहू दे म्हण."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी वीरेशकडं बघितलं. वीरेश छताकडं बघत होते, डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखे. सिद्धलिंगला एवढंच कळलं, की लातूरपर्यंत येऊन तो एक पातेलं घेऊन परत निघाला आहे. तरी पाया पडला आणि गेला.

गाडीचा आवाज कोपऱ्यावर विरला तशा अव्वा उठल्या. दांडा धरत धरत नव्या खोलीत गेल्या आणि मला टाकीचं झाकण काढायला लावलं. आत नीट पाहिलं. बाहेर वीरेश पेपर काखेत घेऊन, लुंगी सावरत कधीपासून ताटकळत उभे होते.

अव्वांनी दारात काठी आडवी धरली.

"सिद्ध्यानं दोनदा दाबलंय," त्या म्हणाल्या. "आता संध्याकाळपत्तर हितं कुणी जायचं न्हाई."